मुखपत्राला स्वतःचं तोंड असावं का?

आमच्या ज्ञातीच्या मंडळाचं एक त्रैमासिक आहे. ३२ पानं, त्यातली पहिली ४ पदाधिकाऱ्यांच्या फोटोंची, मधली ८ वधू-वर सूचीची, मागे दहावी-बारावीचे गुणवंत, आणि उरलेल्या जागेत आम्ही. आम्ही म्हणजे संपादक मंडळ, तिघं जण, बिनपगारी. चारेक वर्षं मी ते काम केलं. एकदा एका आजीव सभासदाचं पत्र आलं, फुलस्केपच्या दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेलं, आणि त्यात खरं तर एकच प्रश्न होता, की लग्नसराईत हॉलचं भाडं वाढवलंत ते ठीक, पण ते जास्तीचे पैसे हिशोबपत्रकात कुठल्या ओळीत दिसतात तेवढं सांगा. भाषा एकदम सभ्य, "स.न.वि.वि." पासून सुरुवात. मी म्हटलं छापू, आणि शेजारी चौकटीत खजिनदारांचं उत्तरही छापू. प्रूफं प्रेसला गेली आणि रात्री साडेनऊला अध्यक्षांचा फोन. "अरे, हे आपलं मुखपत्र आहे की वर्तमानपत्र?"

मी "हो काका, बघतो काका" असं काहीतरी गुळमुळीत बोललो. पत्र निघालं. त्या जागी मोरावळ्याची रेसिपी गेली.

काकांचा प्रश्न वाईट नव्हता हो, तीच तर गोची आहे. कागद मंडळाचा, छपाई मंडळाची, पोस्टाची तिकिटंसुद्धा मंडळाची, मग मंडळाला अडचणीत आणणारं पत्र मंडळाच्याच खर्चाने घरोघरी का पोचवायचं? पक्षाचं मुखपत्र घ्या, साखर कारखान्याचा अहवाल घ्या, शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका घ्या, सगळीकडे हाच हिशोब चालतो आणि कोणाला त्यात काही खटकतही नाही. मला खटकत होतं पण उत्तर सुचत नव्हतं. पुढे कधीतरी एका अमेरिकन पाद्र्याबद्दल वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की आपला हॉलच्या भाड्याचा जो लफडा आहे तोच, फक्त काहीशे पट मोठा, न्यूयॉर्क आणि रोमच्या मध्ये झालेला आहे.

फादर थॉमस रीस. जेझुइट पाद्री, राज्यशास्त्राचे अभ्यासक, आणि पत्रकार.

जेझुइट म्हटलं की आपल्याकडे मुंबईचं झेवियर्स कॉलेज आठवतं, नाहीतर मग फादर स्टीफन्स, जो इंग्लंडहून १५७९ ला गोव्यात आला आणि १६१६ ला मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण छापून मोकळा झाला. आणि हो, आपल्याकडे कुठलाही मराठी बोलणारा फादर दिसला की लोक त्याला जेझुइट समजतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ज्यांनी वसईत कित्येक वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, ते जेझुइट नव्हते, ते धर्मप्रांताचे पाद्री. जेझुइट हा वेगळा संघ, १५४० ला पोपची मान्यता मिळालेला, त्यांना तयार व्हायलाच दहा-बारा वर्षं लागतात आणि गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांच्या वर त्यांच्यातल्या पुष्कळांचं एक चौथं व्रत असतं, पोप ज्या कामावर पाठवील तिथे जाण्याचं. हे चौथं व्रत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रीस १९४५ चा जन्म, कॅलिफोर्नियाचा माणूस. १९६२ ला म्हणजे कॉलेजात जायच्या वयात संघात गेला, १९७४ ला पाद्री झाला, १९७६ ला बर्कलीतून राज्यशास्त्रात डॉक्टरेट. आणि या सगळ्याच्या अधेमधे, १९७५ ते ७८, हा माणूस वॉशिंग्टनमध्ये काय करत होता सांगा? करसुधारणा व्हाव्यात म्हणून लिखाण आणि लॉबिंग! मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. प्रार्थनेची पुस्तकं लिहिणारे पाद्री पुष्कळ, पण टॅक्सच्या कायद्यात कोणाला कुठली सूट कशी मिळते आणि त्याचा भुर्दंड शेवटी कोणाच्या डोक्यावर बसतो हे शोधत बसणारा पाद्री विरळाच. ज्याने एकदा अशा कायद्याची बारीक कलमं वाचलीत तो पुढे कुठल्याही संस्थेकडे भाबडेपणाने बघूच शकत नाही, मग ती संस्था त्याची स्वतःची का असेना.

आणि झालंही तसंच. पुढे त्याने कॅथलिक चर्च ही संस्था चालते कशी यावर ओळीने तीन पुस्तकं लिहिली, १९८९ ला अमेरिकेतल्या आर्चबिशपांवर, १९९२ ला तिथल्या बिशपांच्या परिषदेवर, १९९६ ला थेट व्हॅटिकनच्या कारभारावर. यात देव आहे की नाही वगैरे चर्चा नाही. बिशप नेमतं कोण? पोपचा त्या देशातला राजदूत लोकांकडून गुपचूप माहिती काढतो, तीन नावांची यादी रोमला पाठवतो, तिथलं खातं त्यावर बसतं, मग पोप ठरवतो. (मुख्यमंत्र्याचं नाव दिल्लीहून बंद पाकिटात येतं ते आपण इतक्या वेळा बघितलंय की आपल्याला हे समजायला काहीच जड जाऊ नये.) पैसा कुठून येतो, कुठलं खातं कोणाचं ऐकतं, कोण कोणाला अडवू शकतं. श्रद्धाळू माणूस आपल्याच देवळाच्या ट्रस्टची घटना, ठराव आणि पावतीपुस्तकं उघडून बसलाय असं समजा. आणि तरी तो रोज सकाळी पूजाही करतोय.

जून १९९८ मध्ये तो 'अमेरिका' या साप्ताहिकाचा मुख्य संपादक झाला. हो, तेव्हाच्या या साप्ताहिकाचं नावच अमेरिका, १९०९ पासून न्यूयॉर्कहून निघणारं, जेझुइटांच्याच मालकीचं. आधी त्याने तिथे सहसंपादक म्हणून काम केलेलं होतंच. त्याचं धोरण अगदी साधं होतं, ज्या गोष्टीवर चर्चमध्येच वाद चालू आहे तिथे दोन्ही बाजूंना जागा द्यायची. अधिकृत भूमिकेचा माणूस लिहील, तिच्याशी मतभेद असणाराही लिहील.

याचा एक नमुना तर भारी आहे. २००१ ला जर्मन कार्डिनल (म्हणजे पोपच्या खालोखालचे वरिष्ठ धर्मगुरू) वॉल्टर कास्पर यांचा एक लेख 'अमेरिका'त आला. विषय असा, की जगभरचं एक चर्च हे आधी, का गावोगावचं स्थानिक चर्च आधी, आपल्या भाषेत केंद्र मोठं का राज्य मोठं. कास्पर रोमच्या वाढत्या केंद्रीकरणावर नाराज. आणि त्यांचा रोख होता दुसऱ्या जर्मन कार्डिनलवर, जोसेफ रॅटझिंगर, जे तेव्हा व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत बघणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. हे खातं १५४२ साली रोमन इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध बोलणाऱ्यांची चौकशी करणारं न्यायालय, म्हणून सुरू झालेलं, नावं बदलत बदलत इथवर आलेलं. (गोव्यातलं १५६० चं इन्क्विझिशन हे पोर्तुगालवाल्यांचं, म्हणजे वेगळं, पण चुलत भावंडंच.) तर रीसने काय करावं? रॅटझिंगर यांचं उत्तरही मिळवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात छापलं. चर्चचे दोन सगळ्यात तगडे मेंदू एका साप्ताहिकात समोरासमोर वाद घालतायत आणि ते साप्ताहिक कॉलेजातला पोरगाही विकत घेऊन वाचू शकतोय. कोणाचीही श्रद्धा त्याने बुडाली नाही, उलट दोघंही मुद्द्याने बोलले म्हणून वाचणाऱ्याला प्रश्न तरी कळला.

बाकीचे विषय मात्र इतके सभ्य नव्हते. २००० साली एड्स आणि कंडोमवर एक लेख, दोन जेझुइटांनीच लिहिलेला. मग समलिंगी पाद्री, समलिंगी विवाह, इतर धर्मांकडे चर्चने कसं बघावं. आणि २००४ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक, डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी स्वतः कॅथलिक पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचा, त्यामुळे प्रश्न आला की अशा राजकारण्याला चर्चमध्ये प्रसाद म्हणजे कम्युनियन द्यायचा का नाही. काही बिशप म्हणाले अजिबात नाही, काही म्हणाले प्रसादाच्या रांगेत राजकारण आणू नका. विस्कॉन्सिनचा एक खासदार, डेव्हिड ओबे, ज्याला त्याच्या बिशपने कम्युनियन घ्यायला मनाई केली होती, त्याने स्वतःची बाजू 'अमेरिका'त मांडली. छापली रीसने.

तक्रारी रोमला जात होत्या. आधी अशी कल्पना निघाली की तीन बिशपांची एक समिती नेमावी, जी छापायच्या आधी मजकूर बघेल. ते झालं नाही. हा प्रकार काही नवा नाही बरं का, रोममध्ये जेझुइटांचंच 'ला चिविल्ता कातोलिका' नावाचं नियतकालिक १८५० पासून आहे आणि त्याची प्रूफं छापण्याआधी व्हॅटिकनच्या सचिवालयात जातात, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे ती. आमच्या काकांना हे कळलं तर फार आनंद होईल.

मग २००५ आलं. २ एप्रिलला पोप जॉन पॉल दुसरे गेले. रीस रोममध्ये, कारण पोपची निवड कशी होते हे टीव्हीवर समजावून सांगायला त्याच्यासारखा माणूस नाही. १९ एप्रिलला निवड झाली, रॅटझिंगर, म्हणजे पोप बेनेडिक्ट सोळावे. रीस न्यूयॉर्कला परत आला आणि ६ मे ला बातमी फुटली की त्याने संपादकपद सोडलं. १७ दिवस. लोकांनी लगेच कथा रचली की बघा, खुर्चीवर बसल्या बसल्या सूड उगवला. तसं नव्हतं. त्या वेळी आलेल्या बातम्यांनुसार रीसने जावं असं सांगणारं पत्र मार्चमध्येच, म्हणजे आधीचे पोप हयात असताना, रॅटझिंगर यांच्या खात्याकडून जेझुइटांचे रोममधले प्रमुख पीटर-हान्स कोल्वेनबाख यांच्याकडे गेलं होतं. फक्त पत्र पाठवणाऱ्या खात्याचा साहेब मधल्या काळात पोप झाला, एवढंच. आणि ज्याने चारच वर्षांपूर्वी त्याच साप्ताहिकात स्वतःची बाजू मांडली होती त्याच्याच खात्यातून ते पत्र निघालं होतं.

आता दुसरी बाजू मी सांगतो, आणि ती नीट सांगतो कारण तिची टिंगल करणं फार सोपं आहे. चर्च म्हणजे वादविवाद मंडळ नव्हे. त्याची एक शिकवण आहे आणि माणूस तिच्यासाठीच तिथे येतो. जेझुइटांच्या साप्ताहिकात एका पानावर शिकवण आणि समोरच्या पानावर तिचा विरोध अशा मांडणीने शिकवण हेही एक मतच होऊन बसतं, दोन स्टॉल शेजारी शेजारी, आवडेल तो माल घ्या. वाचकाने ते साप्ताहिक जेझुइटांच्या भरवशावर घेतलेलं असतं, त्याला आत वेगळंच मिळालं तर फसवणूक नाही का? काकांचं म्हणणं शेवटी हेच होतं, फक्त त्यांना इतकं सुबक बोलता आलं नाही.

माझं उत्तर असं आहे की बाबा, रीसने जे वाद छापले ते त्याने पैदा केलेले नव्हते. केरीला कम्युनियन द्यायचा का नाही यावर बिशपच दोन बाजूंना होते, उघडपणे. आपल्याच बिशपांमध्ये वाद चालू असताना मुखपत्रात सगळं आलबेल दाखवणं हे शिकवणीचं रक्षण होत नाही, ती साधी खोटी बातमी होते, आणि वाचक काही खुळा नसतो, तो शेजारच्या स्टॉलवर जाऊन दुसरा पेपर घेतो आणि तिथे त्याला तोच वाद मिळतो पण चर्चबद्दल काडीची आपुलकी नसलेल्या माणसाने लिहिलेला. २००२ ला बॉस्टनमध्ये पाद्र्यांच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं बाहेर आली ती बॉस्टन ग्लोबने काढली, चर्चच्या पेपराने नाही. तिथे वर्षानुवर्षं झाकाझाक करणारे लोकही "संस्थेचं नाव खराब होऊ नये" हेच म्हणत होते ना? पोरांचं काय झालं ते आपण बघितलं.

आणि काळाने काय केलं बघा. त्या कंडोमवाल्या लेखाला १० वर्षं झाल्यावर, २०१० ला, खुद्द पोप बेनेडिक्ट एका दीर्घ मुलाखतीत म्हणाले की एखाद्या प्रसंगी, संसर्ग टाळायच्या हेतूने कंडोम वापरणं हे जबाबदारीच्या दिशेने पहिलं पाऊल असू शकतं. शिकवण बदलली असं ते म्हणाले नाहीत, तसा अर्थ कोणी काढू नये, पण ज्या बोळात शिरायलाच मनाई होती तिथे ते स्वतः दोन पावलं चालून आले. मग २०१३ ला पहिले जेझुइट पोप, फ्रान्सिस. त्यांची पहिली मोठी मुलाखत जगभरच्या जेझुइट नियतकालिकांत एकदम आली आणि इंग्रजीत ती छापली कोणी? 'अमेरिका'नेच. पुढच्या वर्षी त्यांनी बिशपांच्या परिषदेच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगितलं, मोकळेपणाने बोला, पोपला काय वाटेल असा विचार करून गप्प बसू नका. रीसला हे वाचून काय वाटलं असेल देव जाणे.

बरं, आता माझी रीसबद्दलचीच एक तक्रार. तो भांडला नाही. जाताना निवेदन काढलं त्यात सहकाऱ्यांचा अभिमान, वाचकांचे आभार, आता सुट्टी घेतो, संपलं. मग वर्षभर सँटा क्लारा विद्यापीठात. मला त्या वेळचं वाचताना फार राग आला होता. आपल्या डोळ्यासमोर आगरकर असतात ना, 'केसरी'चे पहिले संपादक, सामाजिक सुधारणांवरून भागीदारांशी पटेना तर १८८७ ला बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा 'सुधारक' काढला, घ्या. आपल्याला संपादक असा लागतो. पण आगरकरांनी आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं नव्हतं. रीसने सतराव्या वर्षाच्या आसपास संघात पाऊल टाकलं आणि त्याला माहीत होतं की कोल्वेनबाखनी अडून बसायचं ठरवलं तर भांडण एका संपादकाचं राहणार नाही, सगळ्या जेझुइटांचं आणि पोपचं होईल, आणि त्यात साप्ताहिकही जाईल. ते चौथं व्रत इथे आडवं आलं. म्हणून त्याने खुर्ची सोडली, साप्ताहिक वाचवलं. यात त्याची चूक होती का? मी अजून ठरवू शकलेलो नाही. कधी वाटतं तो घाबरला, कधी वाटतं बाहेर पडून शिव्या घालणाऱ्यापेक्षा आत राहून हिशोब मागत राहणारा माणूस संस्थेला जास्त महाग पडतो.

कारण तो गप्प बसला नाही, हेही खरं. सुट्टी संपल्यावर वॉशिंग्टनला संशोधनाचं काम, मग २०१४ पासून नॅशनल कॅथलिक रिपोर्टरमध्ये स्तंभ, २०१७ पासून रिलिजन न्यूज सर्व्हिसमध्ये. आणि मध्ये एक आपल्याशी संबंध असलेलं काम. २०१४ ला ओबामांनी त्याला आंतरराष्ट्रीय धार्मिक स्वातंत्र्यावरच्या अमेरिकन आयोगावर नेमलं, २०१६ ला तो अध्यक्षही झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये या आयोगाच्या टीमला भारतात यायचं होतं आणि आपण व्हिसा दिला नाही. आपलं म्हणणं असं की बाहेरच्या संस्थेला आमच्या घटनेने दिलेल्या हक्कांवर मत द्यायचा अधिकार काय. तो आयोग अमेरिकी सरकारचा, त्याला त्याची गणितं असतात, त्यामुळे त्याचं सगळं खरं मानायचं कारण नाही हे मलाही कबूल. पण गंमत बघा, बाहेरचा बोलला की "तू कोण", आतला बोलला की "घरभेदी". मग बोलायचं कोणी? रीसने आयुष्यात दोन्ही ऐकलं, एकदा रोमकडून, एकदा दिल्लीकडून.

आपल्याकडच्या चर्चच्या मराठी नियतकालिकांचं काय, असं कोणी विचारेल. 'निरोप्या' आहे, १९०३ ला हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने सुरू केलेलं, १०० वर्षं ओलांडलीत त्याने, आणि 'सुवार्ता' दिब्रिटोंच्या काळात वसईच्या बागा, पाणी, बिल्डर अशा विषयांवर बोलत राहिलं. चर्चच्या मासिकाला पाण्याशी काय देणंघेणं असं तिथे कोणीतरी म्हणालंच असणार. पण मी उगाच ख्रिस्ती समाजालाच आरशासमोर उभं का करू? आपल्या बाकीच्यांच्या देवस्थानांची, मठांची, ज्ञातिसंस्थांची, शिक्षणसंस्थांची मुखपत्रं घ्या आणि गेल्या १० वर्षांत एक तरी पत्र दाखवा ज्यात विश्वस्तांना हिशोब विचारलाय आणि शेजारी विश्वस्तांनी उत्तर दिलंय. मला खरंच बघायचंय, कोणाकडे असेल तर पाठवा.

दोन्ही बाजू छापा म्हणजे कुठल्याही येड्याला अर्धं पान द्या असं नाही. रीससुद्धा तसं करत नव्हता, त्याचे लेखक अभ्यास केलेले असायचे, कार्डिनल, खासदार, प्राध्यापक, डॉक्टरी शिकलेले पाद्री. अट एवढीच हवी की माणूस संस्थेतला असावा किंवा तिच्या निर्णयाची झळ बसलेला असावा, प्रश्न नावानिशी विचारलेला असावा, आणि उत्तराला तेवढीच जागा त्याच अंकात मिळावी. आमच्या त्या आजीव सभासदाच्या पत्रात या तिन्ही गोष्टी होत्या. खजिनदारांचं उत्तरही मला तोंडी माहीत होतं आणि ते चांगलं होतं हो, पैसे जनरेटरला गेले होते, पावती होती. छापलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. नाही छापलं म्हणून पुढचे सहा महिने व्हॉट्सअॅप ग्रुपवर जनरेटरपासून अध्यक्षांच्या जावयाच्या नव्या गाडीपर्यंत काय काय निघालं ते सांगायची सोय नाही.

मी त्या वर्षअखेरीस संपादक मंडळातून बाहेर पडलो. निवेदन वगैरे काही काढलं नाही, काकांना फोन करून सांगितलं की ऑफिसचं काम वाढलंय. ते म्हणाले "बरं, बरं, पण स्मरणिकेच्या जाहिराती तेवढ्या बघ." बघितल्या. परवा अंक आला, आता १६ पानांचा, वधू-वर सूची अॅपवर गेल्यामुळे ती पानं कमी झालीत. त्यातली ९ पानं श्रद्धांजलीची. सातव्या पानावर त्या पत्रवाल्या आजोबांचा फोटो होता, खाली नाव, गाव, आणि "मंडळाचे हितचिंतक".